‘परत आला’ म्हणू नका

माझं भांडण दोन वाक्यांशी आहे. तोंडाच्या किंवा घशाच्या कॅन्सरचा पेशंट घरात असला की ही दोन्ही वाक्यं तुम्ही ऐकलेली असतात, बहुधा स्वतः बोललेलीही असतात. पहिलं वाक्य, ‘त्यांनी कॅन्सरवर मात केली.’ आणि काही वर्षांनी दुसरं, ‘परत आला हो.’ पहिल्या वाक्याने आपण बेसावध होतो आणि दुसऱ्याने निर्दोष सुटतो. मी दोन्ही वाक्यं बोललो आहे. म्हणून हा लेख.

माझा मोठा भाऊ इचलकरंजीत यंत्रमागाच्या धंद्यात होता. मागांच्या खडखडाटात रात्रपाळी काढायची तर तोंडात काहीतरी लागतं, असं तिथले निम्मे लोक म्हणतात. दादाच्या तोंडात आधी तंबाखू-चुना आणि नंतर गुटखा होता. २००९ साली डाव्या गालाच्या आत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, मानेतल्या गाठी काढल्या, छातीचं मांस गालाला लावलं, मग सहा आठवडे रेडिएशन. मी न्यू जर्सीहून दोनदा जाऊन आलो. दादाने गुटखा त्या दिवसापासून सोडला, तो अगदी खरोखर सोडला. २०१४ साली पाच वर्षं झाली, तेव्हा आम्ही केक कापला. पैसे मी पाठवले होते. केकवर काय लिहायचं हेही मीच फोनवर सांगितलं होतं. काय लिहिलं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल.

२०१७ साली एका सकाळी वहिनीचा फोन आला. तिचा आवाज खाली गेला होता. “भाऊजी, परत आला.”

मी गेलो. शहरातल्या त्या मोठ्या रुग्णालयात फाइल घेऊन बसलेल्या तरुण डॉक्टरला मी विचारलं, “आठ वर्षांनी कसा काय परत येतो?” त्याने फाइल चाळली आणि सहज म्हणाला, “हा परत आलेला नाहीये. तो डावीकडचा होता. हा उजव्या खालच्या हिरडीचा. नवीन आहे.” मी म्हटलं, “मग तंबाखू सोडून आठ वर्षं झाली, नवीन कसा झाला?” त्याने दादाला तोंड उघडायला सांगितलं. दादाच्या तोंडात दोन बोटंसुद्धा जेमतेम गेली. “आणि सुपारी?” डॉक्टरने विचारलं. आठ वर्षांत हा प्रश्न विचारणारा हा पहिलाच माणूस. फाइलच्या प्रत्येक पानावर ‘तंबाखू बंद’ असा शेरा होता आणि तो खराही होता.

दादाने वहिनीकडे पाहिलं आणि वहिनीने माझ्याकडे. कारण सुपारी मी आणत होतो.

दर दोन वर्षांनी गावी जाताना बॅगेत चॉकलेटं, बदाम आणि इथल्या देशी दुकानातले गोड सुपारीचे आणि मुखवासाचे डबे असायचे. गुटखा सोडलेल्या माणसाला काहीतरी चघळायला हवं, आणि यात तंबाखू नाही, ही माझी समजूत. शिवाय अमेरिकेतून आलेलं म्हणजे चांगलंच, ही दादाची. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर आणि पानमसाल्यावर बंदी आली तेव्हा मी त्याला मोठ्या तोऱ्यात म्हणालो होतो, “बघ, सरकारलासुद्धा आता कळलं.” त्या वर्षी मी चार डबे नेले.

ही कहाणी मी रडगाणं म्हणून सांगत नाही. ‘परत आला’ या दोन शब्दांमागे काय काय लपतं ते तुम्हाला दिसावं म्हणून सांगतो. परत आला म्हटलं की ते नशीब होतं. एखादी पेशी राहिली असेल, डॉक्टर तरी काय करणार, देवाची इच्छा. ‘नवीन झाला’ म्हटलं की पुढचा प्रश्न टळत नाही, कशाने झाला?

थोडं शास्त्र. कंटाळू नका, मला ते कळायला आठ वर्षं आणि एक भाऊ लागला.

१९५३ साली शिकागोच्या डॉ. स्लॉटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोंडाच्या कॅन्सरच्या ७८३ रुग्णांच्या तपासण्या मांडल्या. त्यातल्या ८८ जणांच्या तोंडात एकापेक्षा जास्त स्वतंत्र गाठी होत्या. गाठीच्या कडेची, दिसायला निरोगी वाटणारी कातडीसुद्धा सूक्ष्मदर्शकाखाली बिघडलेली होती. त्यांनी सांगितलं ते असं की, तंबाखू, दारू, सुपारी यांचा रस किंवा धूर ज्या ज्या भागावरून वर्षानुवर्षं जातो तो सगळा पट्टाच नासतो. गाल, जीभ, हिरडी, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका आणि धूर घेणाऱ्यांचं फुप्फुस, हे सगळं एकच शेत आहे. त्यात एका ठिकाणी तण वर आलं आणि सर्जनने ते मुळासकट उपटलं, तरी बाकीच्या जमिनीत बी पडलेलं असतंच. त्यात आपण रोज पाणी घालत राहिलो तर दोष कोणाचा?

दुसरा कॅन्सर ‘दुसरा’ कधी म्हणायचा याचा नियम त्याहून जुना, १९३२ सालचा आहे. दोन्ही गाठी स्पष्टपणे कॅन्सरच्या हव्यात, एकमेकींपासून वेगळ्या हव्यात आणि दुसरी ही पहिलीची पसरलेली शाखा नसावी. आजकाल साधारणपणे मध्ये दोन सेंटिमीटरची निरोगी जागा किंवा पाच वर्षांचं अंतर असलं की डॉक्टर तिला नवीन धरतात. यात वाद होतात, काही वेळा सांगणं खरंच अवघड असतं, विशेषतः फुप्फुसात गाठ निघाली तर. पण घरच्यांनी निदान प्रश्न तरी विचारावा, की हा जुनाच आहे का नवीन?

कारण दोघांचं वेळापत्रक वेगळं आहे. जुना कॅन्सर परत यायचा असेल तर बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन वर्षांत येतो. म्हणून तर डॉक्टर सुरुवातीला दर महिन्या-दोन महिन्यांनी बोलावतात आणि पुढे अंतर वाढवत नेतात. पाच वर्षं निभावली की पहिल्या कॅन्सरच्या बाबतीत सुटलो, असं म्हणायला हरकत नाही. नवीन कॅन्सर मात्र पाच वर्षं मोजत नाही. तो तिसऱ्या वर्षी येतो, नवव्या येतो, पंधराव्या येतो. युरोप, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर अशा ठिकाणच्या तेरा नोंदवह्यांतल्या ९९ हजारांहून जास्त रुग्णांचा एकत्रित अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. डोक्या-मानेचा पहिला कॅन्सर झालेल्यांना वीस वर्षांत दुसरा होण्याचं प्रमाण त्यात ३६ टक्के निघालं. म्हणजे तिघांत एकाहून जास्त. अमेरिकेतल्या ७५,०८७ रुग्णांच्या नोंदींवरून २०११ साली निघालेला आकडा असा की, अशा माणसाला दुसरा कॅन्सर होण्याचा धोका त्याच वयाच्या इतरांच्या सव्वादोन पटीच्या आसपास असतो. घशाच्या खालच्या भागाचा कॅन्सर झालेल्यांना तो सर्वांत जास्त, साडेतीन पट. तोंडाचा झालेल्यांना दुसरा बहुधा पुन्हा तोंडात-घशातच होतो, स्वरयंत्राचा झालेल्यांना बहुधा फुप्फुसात.

आणि आपण पाचव्या वर्षी केक कापतो.

आता इथे, अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये बसून हे वाचणाऱ्यांपैकी काहींच्या पोटात गोळा आला असेल. कारण आपल्याही ओळखीत असा कोणीतरी असतो. पन्नाशीचा, सॉफ्टवेअरमधला, कधी सिगरेटला हात न लावलेला, दाढी करताना मानेत गाठ लागली आणि टॉन्सिलचा किंवा जिभेच्या मुळाचा कॅन्सर निघाला असा. त्याच्यासाठी हे आकडे जसेच्या तसे नाहीत. अमेरिकेत घशाच्या त्या भागातले सुमारे ७० टक्के कॅन्सर एचपीव्ही या विषाणूमुळे होतात. तिथे तंबाखूने नासलेलं शेत नसतं, म्हणून दुसऱ्या कॅन्सरचा धोकाही कमी असतो. वर सांगितलेल्या अमेरिकी अभ्यासातच दिसलं की त्या भागाच्या कॅन्सरनंतरचा दुसऱ्याचा धोका नव्वदच्या दशकापासून उतरत गेला आहे. पहिल्या कॅन्सरचे त्यांचे निकालही तंबाखूवाल्यांपेक्षा खूप चांगले असतात. त्या मित्राला उगाच घाबरवू नका. (तो विषाणूवाला असूनही सिगरेट ओढत असेल, तर मात्र घाबरवा.)

उलटी गफलत जास्त वाईट. इथे वाचलेली, इथल्या रुग्णांची आशादायक माहिती आपण उचलतो आणि व्हॉट्सॅपवरून गावी पाठवतो. ‘हल्ली घशाचा कॅन्सर नव्वद टक्के बरा होतो म्हणे.’ तो आकडा गावच्या काकांचा नसतो. महाराष्ट्रातल्या प्रौढांत तंबाखू घेणारे २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत २६.६ टक्के निघाले. ओढणारे फक्त ३.८ टक्के, आणि चघळणारे, घासणारे, गालात धरणारे २४.४ टक्के. यात मिश्रीने दात घासणाऱ्या आपल्या आज्या, आत्या, मावश्याही आल्या. यांचा कॅन्सर गालाचा आणि हिरडीचा असतो, तो विषाणूचा नसतो, आणि त्यांचं शेत पुरतं नासलेलं असतं. तेव्हा आकडा पाठवण्याआधी तो कोणाचा आहे ते बघा.

आता सुपारीबद्दल. इथे मी जरा थांबणार आहे, कारण तंबाखूबद्दल तुम्हाला सगळं माहीत आहे आणि सुपारीबद्दल काहीच नाही, निदान मला तरी नव्हतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २००४ साली स्वच्छ शब्दांत जाहीर केलं की सुपारी ही स्वतःच, तंबाखूशिवायसुद्धा, माणसात कॅन्सर निर्माण करते. तंबाखू आणि सिगरेट ज्या यादीत आहेत त्याच पहिल्या यादीत सुपारी आहे. ती कच्ची असो, भाजलेली असो, गुलाबाची असो, चांदीचा वर्ख लावलेली असो. सुपारीने गालाच्या आतली कातडी हळूहळू घट्ट होते, पांढरी पडते, तिखट लागेनासं होतं (म्हणजे सोसेनासं होतं), तोंड उघडायचं कमी होतं. आधी तीन बोटं मावायची, मग दोन, मग वडापाव चमच्याने खायची वेळ येते. ही अवस्था कॅन्सरच्या आधीची आहे आणि सुपारी सोडली तरी ती मागे फिरत नाही, फार तर तिथे थांबते. दादाचं तोंड उघडत नव्हतं ते आम्ही सगळ्यांनी रेडिएशनच्या माथी मारलं होतं. रेडिएशननेही तसं होतंच, त्यामुळे कोणाला शंका आली नाही. आणि तोंडच उघडत नसेल तर आत काय वाढतंय ते दिसणार कोणाला?

आपल्याकडे सुपारीला व्यसन कोणी म्हणत नाही. तिच्याशिवाय आपला एक समारंभ होत नाही. वाङ्‌निश्चयाला सुपारी फोडतो, पूजेला गणपती म्हणून मांडतो, हळदीकुंकवाला विड्यात देतो, जेवणावळीनंतर तबकात ठेवतो. माझ्यावर धर्म बुडवल्याचा आरोप येण्याआधी सांगतो, गणपतीची सुपारी ताम्हनात खुशाल राहू द्या. त्या सुपारीने आजवर कोणाला कॅन्सर झाला नाही. माझं म्हणणं जेवणानंतर तोंडात टाकायच्या सुपारीबद्दल आहे, आणि त्यातही ती इथे, परदेशात, कशी विकली जाते त्याबद्दल. न्यू जर्सीतल्या देशी दुकानांत गल्ल्याच्या शेजारी, लहान मुलांच्या हाताच्या उंचीवर, रंगीत पाकिटांत ती लटकलेली असते. माझी मुलगी आठ वर्षांची असताना तिला ती गोळ्या-चॉकलेटांसारखीच वाटायची, आणि मी तिला ती घेऊनही दिली आहे. काही दुकानांत नीट विचारलं तर आतल्या खणातून गुटख्याची पुडीही निघते. ज्याला गावी बंदी आहे ते इथे हळू आवाजात मिळतं. आणि गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत त्याच दुकानाची पूर्ण पानाची जाहिरात आपणच छापतो.

आता तुमच्या मनातले आक्षेप. मंडळाच्या बैठकीत मी हे सगळं बोललो तेव्हा ते तिथेही आलेच.

पहिला, ‘अहो, शरद पवारांकडे बघा, २००४ साली ऑपरेशन झालं, आजही फिरतायत.’ फिरोत, शंभर वर्षं फिरोत. पण तेच पवार तंबाखू-गुटख्याच्या सवयीबद्दल जाहीरपणे पश्चात्ताप व्यक्त करत आले आहेत, ते आपण कधी सांगतो का? तिघांत एकाला होतो म्हणजे तिघांत दोघांना होत नाही, हे मलाही कळतं. त्या दोघांतला एक ओळखीचा असला म्हणून तिसरा खोटा ठरत नाही. आणि उदाहरणंच हवी असतील तर आर. आर. आबा तोंडाच्या कॅन्सरने २०१५ साली सत्तावन्नाव्या वर्षी गेले. त्यांचं नाव या चर्चेत कोणी काढत नाही. सिग्मंड फ्रॉइडला १९२३ साली तोंडाचा कॅन्सर निघाला. पुढच्या सोळा वर्षांत तीसहून जास्त ऑपरेशनं झाली आणि सिगार सुटला नाही. एवढा मनाचा जाणकार, पण स्वतःच्या सिगारपुढे त्याचं काही चाललं नाही.

दुसरा आक्षेप प्रेमळ असतो, म्हणून जास्त घातक. ‘एवढं सोसलंय बिचाऱ्याने, आता राहिलेले दिवस मनासारखं जगू द्या. व्हायचं ते होऊन गेलंय, आता सोडून काय उपयोग?’ उपयोग आहे. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या २०१४ च्या अहवालाचा निष्कर्ष असा की, कॅन्सर झाल्यानंतरही सिगरेट चालू ठेवली तर मृत्यूचं प्रमाण वाढतं आणि फुप्फुसासारख्या, सिगरेटने होणाऱ्या दुसऱ्या कॅन्सरचा धोकाही वाढतो. सोडल्यावर धोका एका दिवसात उतरत नाही, वर्षं लागतात. म्हणूनच आजच सोडायला हवी, पंचवार्षिक केकनंतर नाही. दारूचंही तेच, आणि सिगरेट-दारू एकत्र असली तर धोक्याची नुसती बेरीज होत नाही, गुणाकार होतो. शनिवारच्या पार्टीत ‘एका पेगने काय होतंय’ म्हणत बऱ्या झालेल्या मित्राच्या हातात ग्लास देणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

तिसरं म्हणजे आक्षेप नाही, उपाय असतो. ‘मी व्हिटॅमिनच्या बाटल्या पाठवतो.’ ही आपली खास परदेशी जबाबदारी. मोठ्या दुकानातून तीनशे गोळ्यांची बाटली घ्यायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या बॅगेत कोंबायची. कॅनडात क्वेबेकमध्ये नेमका हाच प्रयोग झाला आहे. डोक्या-मानेच्या कॅन्सरवर रेडिएशन घेतलेल्या ५४० रुग्णांत काहींना ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या गोळ्या दिल्या आणि काहींना नुसत्या दिखाऊ. २००५ साली निकाल आला. गोळ्या चालू असताना ई जीवनसत्त्ववाल्यांत दुसरे कॅन्सर जास्त झाले. त्या प्रयोगात आधी बीटा-कॅरोटीनही होतं, पण सिगरेट ओढणाऱ्यांत त्याने फुप्फुसाचा कॅन्सर वाढतो असं इतरत्र दिसल्यावर ते मध्येच बंद केलं. अ जीवनसत्त्वाच्या जातीचं एक औषध १९९० साली मोठ्या डोसात आशादायक ठरलं होतं, पण ते सोसवेना, आणि कमी डोसात ११९० रुग्णांवर नीट तपासलं तेव्हा उपयोग दिसला नाही. थोडक्यात, दुसरा कॅन्सर टाळणारी गोळी आज नाही. बाटली पाठवू नका. त्या पैशात डॉक्टरकडे जायचं रिक्षाभाडं होईल.

कारण खरा घोळ तिथे आहे. दुसरा कॅन्सर झाला तर पुढे काय होणार, हे तो कुठे झाला आणि किती लवकर सापडला यावर ठरतं. तोंडात लहान असताना सापडला तर पुन्हा काढता येतो, माणूस पुन्हा बरा होतो, अशी माणसं आहेत. फुप्फुसात किंवा अन्ननलिकेत झाला तर गाडी चढणीला लागते. पहिल्यासोबतच, सहा महिन्यांच्या आत दुसरा निघाला तर तेही वाईट. आणि उशीर झाला तर डॉक्टरांच्या हातातली हत्यारं आधीच वापरून झालेली असतात. ज्या भागाला एकदा पुरेपूर रेडिएशन दिलंय तिथे पुन्हा तेवढं देता येत नाही, आणि व्रण पडलेल्या मानेत सर्जनला वाट काढावी लागते. पहिला कॅन्सर लवकर सापडून बरा झालेल्यांना पुढे गाठणाऱ्या मृत्यूंमध्ये हा दुसरा कॅन्सर एक प्रमुख कारण आहे. पहिल्याने नाही, दुसऱ्याने मरतात. दादाची हिरडीची गाठ सापडली तेव्हा ती जबड्याच्या हाडात गेलेली होती. २०१८ च्या दिवाळीनंतर चौदा दिवसांनी तो गेला.

पाचव्या वर्षापर्यंत तो नियमाने दाखवायला जात होता. सहाव्या वर्षापासून गेलाच नाही. जायला एक दिवसाची मजुरी, दोन बसगाड्या, चार तास रांग, आणि शेवटी डॉक्टर म्हणणार, “सगळं ठीक आहे.” आणि मुख्य म्हणजे, केक कापून झाला होता. अमेरिकेतली मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की पाच वर्षांनंतरही दरवर्षी एकदा तपासणी हवीच, कायम. म्हणजे थांबायचं नाहीच, फक्त अंतर वाढवायचं.

रविवारच्या फोनवर मी त्याला काय विचारत होतो, ते मला आठवतं. “कसं आहे?” “बरं आहे.” “जेवण जातंय ना?” “जातंय.” मग क्रिकेट. तुम्हीही हेच विचारता, मला माहीत आहे. पुढच्या रविवारी हे विचारून बघा. तोंडात किती बोटं मावतात? तोंडात दोन आठवड्यांहून जुनी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा आहे का? आवाज बसलाय का? घास अडकतो का? खोकल्यातून रक्त? वजन? आणि, न लाजता, तोंडात सध्या काय असतं? व्हिडिओ कॉल आहे, पुतण्याच्या मोबाइलला टॉर्च आहे. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात हजारो लोकांची तोंडं प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी, डॉक्टरांनी नव्हे, नुसत्या उजेडात डोळ्यांनी तपासली. २००५ साली निष्कर्ष आला की तंबाखू-दारू घेणाऱ्यांत तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू त्याने सुमारे एक-तृतीयांशाने घटले. ती तपासणी ज्यांना कधी काही झालेलं नाही अशांची होती. ज्याचं शेत नासलंय हे आपल्याला ठाऊक आहे, त्याच्या तोंडात आपण का बघत नाही?

आणि इथल्यांनी आपल्या स्वतःच्या कामाचं एक पाहावं. अमेरिकेत पन्नास ते ऐंशी वयाच्या, वीस वर्षं रोज एक पाकीट या हिशेबाने सिगरेट ओढलेल्या आणि अजून ओढणाऱ्या किंवा गेल्या पंधरा वर्षांत सोडलेल्या माणसांना दरवर्षी फुप्फुसाचा कमी किरणांचा सीटी स्कॅन करायला सांगतात. त्या तपासणीने भारी धूम्रपान करणाऱ्यांत फुप्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू वीस टक्क्यांनी घटल्याचं २०११ साली सिद्ध झालं. स्वरयंत्राचा कॅन्सर होऊन गेलेला आणि या हिशेबात बसणारा माझा एक स्नेही आहे. त्याला हे कोणी सांगितलं नव्हतं. सर्जनला वाटलं फॅमिली डॉक्टर बघेल, फॅमिली डॉक्टरला वाटलं सर्जन बघतोय. त्याने स्वतः विचारलं तेव्हा पंधरा दिवसांत तारीख मिळाली. विचारा. दाताच्या डॉक्टरकडे सहा महिन्यांनी जाता तेव्हा जीभ बाजूला करून खालची जागा बघायलाही सांगा, ‘क्लीनिंगच करायचंय’ म्हणून घाई करू नका.

मंडळाच्या समितीला मी ऑक्टोबरात पत्र दिलं. मागणी एवढीच, की संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या विड्यात आणि जेवणाच्या तबकात खायची सुपारी नको, बडीशेप, ओवा, धणाडाळ ठेवा, आणि सुपारी-पानमसाला विकणाऱ्या दुकानाची जाहिरात स्मरणिकेत घेऊ नका. पहिल्या मागणीवर ‘विचार करू’ असं उत्तर आलं. दुसरीवर खजिनदारांनी फोन केला, ते म्हणाले की त्या एका पानाचे पैसे गेले तर हॉलचं भाडं कुठून आणायचं. मी विचारलं, किती? त्यांनी आकडा सांगितला. दादाच्या पाच वर्षांच्या केकला आणि जेवणाला मी जेवढे पाठवले होते, त्याहून थोडेच जास्त होते. मी चेक लिहून ठेवला आहे. संक्रांतीच्या कार्यक्रमाला मी दाराशीच उभा असेन, तबक आत जाताना मला दाखवून न्या.